भूमिकेचं ओझं आणि 'सांगत्ये ऐका'

(सातारा व सांगली जिल्ह्यांतील कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो,

पोटगी, रेशनकार्ड, सातबाऱ्यावर नाव अशा प्रश्नांवर बोलण्यासाठी आपण इथे जमलो आहोत. त्यात सिनेमातल्या एका नटीचं आत्मचरित्र कशाला, असं काहीजणींना वाटेल. पण आपण रोज ज्या गोष्टीशी झगडतो ती या पुस्तकात फार उघडपणे दिसते. एकदा बाईवर एखादा शिक्का बसला की त्यापलीकडे तिला कुणी पाहातच नाही.

हे सगळ्याच नटांच्या बाबतीत घडतं, असं कुणी म्हणेल. खरं आहे. अमेरिकेत १९६६ ते १९६९ या काळात 'स्टार ट्रेक' नावाची अंतराळप्रवासाची मालिका दूरदर्शनवर चालली. तिच्यात लेनर्ड निमॉय या नटाने स्पॉक नावाच्या परग्रहावरच्या, टोकदार कानांच्या माणसाचं काम केलं. पुढे लोक त्याला स्पॉक म्हणूनच ओळखू लागले. त्याने १९७५ साली पुस्तक लिहिलं, नाव दिलं 'मी स्पॉक नाही'. वीस वर्षांनी, १९९५ मध्ये, त्याने दुसरं पुस्तक लिहिलं, 'मी स्पॉक आहे'. म्हणजे 'मी म्हणजे ती भूमिका नाही' असं म्हणायची सोयही त्याला मिळाली आणि नंतर ती मानाने मिरवायचीही.

त्याच मालिकेत निशेल निकल्स ही कृष्णवर्णीय नटी यानावरच्या अधिकारी बाईचं, उहुराचं, काम करत होती. पहिल्या वर्षानंतर ती काम सोडणार होती. मार्टिन ल्यूथर किंग यांनी तिला थांबायला सांगितलं, असं तिने आत्मचरित्रात लिहिलं आहे. काळी बाई हुकमाच्या जागेवर बसलेली घराघरांत दिसते आहे, ही जागा सोडू नकोस, असा त्यांचा मुद्दा होता. पुढे १९७७ मध्ये नासा या अंतराळसंस्थेसाठी स्त्रिया आणि कृष्णवर्णीय उमेदवार मिळवायचं काम तिने केलं. भूमिकेचा असाही उपयोग होतो. पण पुरुष नटाला जे ओझं फक्त स्वतःसाठी वाहावं लागलं, ते या बाईला सगळ्या समाजासाठी वाहावं लागलं, हेही विसरू नका.

आता आपल्याकडे येऊ. हंसा वाडकर यांचं मूळ नाव रतन साळगावकर. कलावंतिणींच्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. शाळकरी वयात त्या सिनेमात आल्या. घराण्याचं नाव पडद्यावर नको म्हणून रतनची हंसा झाली आणि साळगावकरांची वाडकर झाली. जिच्या कमाईवर घर चालणार होतं, तिचं नाव मात्र घराला नको होतं. आपल्यापैकी किती घरांत अजून असंच चालतं, ते तुम्हीच सांगा. भाजी विकलेले पैसे चालतात, बाजारात बसलेली सून चालत नाही.

हंसाबाईंच्या दोन भूमिकांचा आपल्या मुलखाशी जवळचा संबंध आहे. पहिली सखूची. 'संत सखू' हा प्रभातचा चित्रपट १९४१ सालचा. सखू कऱ्हाडची, म्हणजे आजच्या सातारा जिल्ह्यातली. सासरचा छळ सोसणारी आणि पंढरीला जायची आस धरणारी ही सून. सासरचे तिला खांबाला बांधून ठेवतात आणि तिच्या जागी खुद्द विठ्ठल तिचं रूप घेऊन राबतो, अशी कथा. आपल्या आज्या ही कथा डोळ्यांत पाणी आणून सांगत. जाच करणाऱ्यांना जाब विचारला जात नाही, देव येऊन सोडवतो. पोलीसपाटील, भावकी, शेजारी यांचं कुणाचं काही काम उरत नाही.

दुसरी भूमिका तमाशातल्या बाईची. १९४७ साली 'लोकशाहीर रामजोशी'मध्ये त्यांनी बयाचं काम केलं आणि तमाशाच्या चित्रपटांना पुढची वाट मिळाली. त्याचं टोक म्हणजे १९५९ चा अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका'. त्याची पटकथा व्यंकटेश माडगूळकरांची आणि गाणी ग. दि. माडगूळकरांची. दोघेही आपल्या माणदेशातले, सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी भागातले. साताऱ्याला जाताना बुगडी हरवल्याचं आशाबाईंचं गाणं तुम्हा सगळ्यांना पाठ आहे, ते याच चित्रपटातलं. पडद्यावर ते जयश्री गडकरांचं आहे. पुण्यात विजयानंद थिएटरला हा चित्रपट १३१ आठवडे चालला. गावच्या पाटलाने केलेला अत्याचार तमाशाच्या फडावरून गावाला ऐकवला जातो, हा त्यातला गाभा.

एकच बाई सखूही झाली आणि तमासगिरीणही. एकीला लोकांनी नमस्कार केला, दुसरीवर दौलतजादा केली. आपल्या समाजाने बाईसाठी याच दोन जागा ठेवलेल्या आहेत, घरात सोसणारी किंवा फडावर नाचणारी. तिसरी जागा, म्हणजे कष्ट करून कमावणारी, चुकणारी, रागावणारी, मूल हवं म्हणणारी, साधी माणूस बाई, तिला पडद्यावरही जागा नव्हती आणि घरातही.

ती तिसरी बाई पुस्तकात भेटते. हंसाबाईंनी आपली कहाणी पत्रकार अरुण साधू यांना सांगितली. 'माणूस'मध्ये ती आली आणि १९७० मध्ये राजहंस प्रकाशनाने तिचं पुस्तक केलं. पुढच्याच वर्षी हंसाबाई गेल्या. पन्नाशीही गाठली नव्हती. पुस्तकाचं नाव त्यांच्या गाजलेल्या चित्रपटाचंच आहे, 'सांगत्ये ऐका'.

इथे थोडं थांबू या. चित्रपटाचं नाव वापरलं की पुस्तक खपतं, हा व्यवहार असेल. पण त्या नावाचा अर्थ इथे बदलला. चित्रपटात नटी दुसऱ्याने लिहिलेले शब्द बोलते. पुस्तकात तेच दोन शब्द स्वतःच्या वतीने येतात. आणि मराठीत 'सांगत्ये' हे बाईच म्हणू शकते. पुरुष म्हणेल 'सांगतो'. जे नाव शिक्का म्हणून बसलं होतं, तेच त्यांनी आपल्या बोलण्याचं दार केलं.

काय सांगितलं त्यांनी? लग्न किशोरवयातच झालं. त्यानंतर काम सोडून घर करावं, मुलं व्हावीत, अशी त्यांची इच्छा होती. पण त्यांच्या कमाईवर घर उभं होतं, म्हणून काम सुटलं नाही. कमावणाऱ्या बाईच्या हातात सत्ता येते, असं आपण भाषणात म्हणतो. इथे पैसा बाईचा आणि करार नवऱ्याच्या मर्जीचे. पुढे घर सोडून त्या दुसऱ्या माणसाबरोबर मराठवाड्यातल्या एका खेड्यात गेल्या, तर तिथे त्याच्या इतर बायकांबरोबर उंबऱ्याच्या आत कोंडल्या गेल्या. तिथून सुटका झाली ती नवरा पोलीस घेऊन आला म्हणून. आणि त्या सुटकेच्या वाटेवर, ज्या मॅजिस्ट्रेटसमोर त्यांना नेलं, त्यानेच अत्याचार केला, असं त्या सांगतात. सखूच्या गोष्टीत सोडवायला विठ्ठल आला होता. इथे सरकार आलं, आणि ते असं आलं.

दारूबद्दल, आपल्या नात्यांबद्दलही त्या झाकपाक न करता बोलतात. स्वतःला सती म्हणवत नाहीत आणि नुसती बिचारीही म्हणवत नाहीत. म्हणून मला हे पुस्तक मोलाचं वाटतं. वाचताना दया करायला जागा राहात नाही, ऐकावंच लागतं.

१९७७ मध्ये श्याम बेनेगल यांनी या पुस्तकावरून 'भूमिका' हा हिंदी चित्रपट केला. स्मिता पाटीलला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ती मुंबईच्या विमेन्स सेंटरशी जोडलेली होती, हे इथल्या जुन्या कार्यकर्त्यांना माहीत आहे. चित्रपट चांगला आहे. पण पाहा, भूमिकांच्या ओझ्याबद्दल बोलणाऱ्या बाईचं आयुष्यही शेवटी एक भूमिका झालं. आज कित्येकजण 'भूमिका' पाहतात, पुस्तक वाचत नाहीत.

पुरुषांचं काय होतं तेही पाहू. निळू फुले यांनी 'सामना'तला साखरसम्राट केला, अनेक चित्रपटांत वाईट पाटील रंगवले. बायका त्यांना प्रत्यक्षातही घाबरायच्या, असं सांगतात. पण राष्ट्र सेवा दलाचा कार्यकर्ता, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या व्यासपीठावरचा माणूस, ही त्यांची दुसरी ओळखही महाराष्ट्राने मान्य केली. २००९ साली ते गेले तेव्हा लोकांनी दोन्ही ओळखींना मान दिला. खलनायकाचं काम केलं म्हणून त्यांच्या चारित्र्यावर कुणी बोट ठेवलं नाही. तमासगिरिणीचं काम केलेल्या बाईला असं दोन ओळखींनी जगता येत नाही. तिची भूमिका हेच तिचं चारित्र्य ठरतं.

आता आपल्या कामाकडे येते. आजचा खरा मुद्दा हा आहे, आणि तो थोडा बोचणारा आहे.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस सांगली जिल्ह्यात स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने, इंदुताई पाटणकरांसारख्या जुन्या लढाऊ बाईच्या साथीने, परित्यक्तांचा प्रश्न उभा केला. तोवर 'टाकलेली' हीच बाईची ओळख होती. ती बाई मोर्चात आली, तहसील कचेरीसमोर बोलली, हक्क मागू लागली. 'परित्यक्ता' या शब्दाने त्या वेळी मोठं काम केलं. सांगलीतच १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली, आणि त्या बायकांनी स्वतःबद्दल स्वतः बोलण्याचा आग्रह धरला. हे दोन्ही आपल्या मुलखाचं देणं आहे.

पण आपण संघटनावाल्यासुद्धा भूमिका वाटतो. एक बाई पहिल्या परिषदेत रडत रडत आपली हकीकत सांगते. सभागृह हेलावतं. मग पुढच्या परिषदेत तिलाच बोलावतो, त्याच्या पुढच्याही. दहा वर्षांनी ती शिलाईचं दुकान चालवत असते, ग्रामपंचायतीत निवडून आलेली असते, तरी माइकवर तिने सांगायचं काय, तर नवऱ्याने कसं टाकलं ते. तिच्या सोसण्याला आपण फड लावून देतो. सखूचीच भूमिका नव्या नावाने तिच्या गळ्यात पडते.

म्हणून हकीकती लिहून घेताना चार गोष्टी पाळाव्यात, असं मी सुचवते.

एक, लिहिलेलं तिला पूर्ण वाचून दाखवायचं. ती म्हणेल ते काढायचं. हंसाबाईंची कहाणीही दुसऱ्याने शब्दांत मांडली. लिहून घेणाऱ्याचा हात त्यात असतोच. तो हात आपला असेल तेव्हा जबाबदारीही आपली.

दोन, नाव छापायचं की नाही, आणि शीर्षक काय द्यायचं, हे तिने ठरवायचं. 'पीडिता', 'अबला', 'रणरागिणी' हे आपले शब्द आहेत.

तीन, सोसलेलंच विचारायचं नाही. तिचं काम विचारा, तिचं कसब विचारा. ऊसतोडीत मोळी कशी बांधते, जत्रेत दुकान कसं मांडते, फडावर उभी राहणारी असेल तर गळा कसा सांभाळते. हंसाबाईंनी हजारो लोकांना खुर्चीला खिळवलं. हे कौशल्य होतं, नुसतं नशीब नव्हतं.

चार, एकदा दिलेली परवानगी कायमची धरायची नाही. वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा विचारायचं. निमॉयने वीस वर्षांनी उलट नावाचं दुसरं पुस्तक लिहिलं. आपल्या बाईलाही म्हणणं बदलायचा हक्क आहे. काल जे सांगितलं ते आज सांगायचं नाही, असं ती म्हणाली तर त्यात चळवळीचं नुकसान नाही. बाई पुढे गेली, याचा तो पुरावा आहे.

तमाशातल्या कलावंत बाया सातारा-सांगलीच्या जत्रांतून वर्षानुवर्षं येतात. गाव त्यांना रात्री पाहतं आणि सकाळी ओळख देत नाही. पुढच्या जत्रेच्या मोसमात आपल्या मंडळांनी त्यांच्या राहुटीत दुपारी जाऊन बसावं. भाषण द्यायला नको, प्रश्नांची यादी घेऊनही नको. त्यांना पगार किती मिळतो, उचल कशी फिटते, पोरं शाळेत कुठे असतात, म्हातारपणी काय, हे त्यांच्या तोंडून कळेल. ज्या मंडळांची तयारी असेल त्यांनी आज जेवणाच्या सुट्टीत नावं द्यावीत. कुठल्या गावाला कुठला फड येतो, याची यादी आपण इथेच करू.

इतकं बोलून थांबते.