शून्य वेगळं, निल वेगळं

आजचा एपिसोड छोटा आहे, पण विषय रोजच्या कामाचा. स्विफ्टमध्ये स्ट्रक्ट बनवताना एखादी व्हॅल्यू मिळालीच नाही, तर काय करायचं?

स्विफ्टचा नियम कडक आहे. इनिशियलायझर संपायच्या आत प्रत्येक स्टोअर्ड प्रॉपर्टीला व्हॅल्यू मिळालीच पाहिजे, नाहीतर बिल्डच होत नाही. मग बरेच जण एरर घालवायला शून्य टाकून मोकळे होतात.

आता समजा, डायबेटिसवाल्यांसाठी अ‍ॅप आहे. पहिल्या दिवशी उपाशीपोटी साखर १८०, दुसऱ्या दिवशी २१०, तिसऱ्या दिवशी तपासलीच नाही. तिथे शून्य भरलं, तर सरासरी येते १३०. खरी सरासरी १९५! अ‍ॅप क्रॅश होत नाही, एररही येत नाही. फक्त घरातल्या आजीला वाटतं, साखर बरीच उतरली. क्रॅश परवडला, हे नको.

म्हणून प्रत्येक प्रॉपर्टीला एकच प्रश्न विचारा: तू नसलीस तर चालेल का?

अजिबात चालणार नाही? उदाहरणार्थ, तारीख. तिच्याशिवाय नोंदीला अर्थच नाही. तिथे फेलेबल इनिशियलायझर लिहा, म्हणजे इनिटपुढे प्रश्नचिन्ह. तारीख नसेल तर रिटर्न निल. अर्धवट स्ट्रक्ट जन्मालाच येत नाही. स्विफ्ट स्वतःही हेच करतं. इंटला 'अबक' ही स्ट्रिंग दिली, तर शून्य नाही, निल मिळतं. नापास का झालं हेही सांगायचं असेल, तर एरर थ्रो करा.

नसणं हीच माहिती आहे? म्हणजे आपली साखर. तिला ऑप्शनल ठेवा आणि सरासरी काढताना कॉम्पॅक्टमॅपने निल गाळून टाका.

रिकामं असणंही खरंच असू शकतं? जसे टॅग्ज. तिथे बिनधास्त रिकामा अ‍ॅरे डीफॉल्ट द्या.

पण इथे एक गोम आहे. व्हेरिएबलला डीफॉल्ट दिलाय आणि सर्व्हरच्या जेसनमध्ये ती कीच नाही, तर कोडेबलचं आयतं डीकोडिंग तुमचा डीफॉल्ट वापरत नाही, सरळ एरर फेकतं. तिथे डीकोडिंगचा इनिट स्वतः लिहा. 'डीकोड इफ प्रेझेंट' वापरा आणि पुढे दोन प्रश्नचिन्हं देऊन डीफॉल्ट लिहा.

त्या दोन प्रश्नचिन्हांपुढे काय लिहायचं, हे मात्र कंपायलर सांगत नाही. ते आपल्यालाच ठरवावं लागतं. आज तुमच्या प्रोजेक्टमध्ये 'प्रश्नचिन्ह प्रश्नचिन्ह शून्य' असं सर्च करून बघा. किती सापडले, कमेंटमध्ये नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!