पांढरा पैसा काळा का करावा?



शेतजमीन विकण्याचा निर्णय कोणतेही कुटुंब सुखासुखी घेत नाही. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, डोक्यावरचे कर्ज असे काही कारण उभे राहते, तेव्हाच सातबाऱ्यावरचे नाव बदलते. अशा वेळी ‘कर भरावा लागेल’ या धास्तीने अनेक जण खरेदीखतात कमी किंमत दाखवून उरलेली रक्कम रोखीने घेतात. ही धास्ती बहुतांशी अनाठायी आहे.

आयकर कायदा ग्रामीण शेतजमिनीला भांडवली मालमत्ता मानतच नाही. किमान 10 हजार लोकसंख्येच्या नगरपालिकेची हद्द आणि तिच्याभोवतीचा ठरावीक पट्टा एवढीच शेतजमीन करकक्षेत येते. लोकसंख्या 1 लाखापर्यंत असल्यास हा पट्टा 2 किलोमीटरचा, 10 लाखांपर्यंत 6 आणि त्यापुढे 8 किलोमीटरचा असतो. अंतर सरळ रेषेत मोजतात. म्हणजे परतूरभोवती 2, तर जालना शहराभोवती 6 किलोमीटर. ग्रामपंचायतीचे आष्टी या दोन्ही वर्तुळांबाहेर आहे. येथील कसत्या शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही.

मग किंमत लपवण्यात लाभ कोणाचा? खरेदीदाराचा! त्याचा बेहिशेबी पैसा जिरतो. विक्रेत्याचा निष्कलंक पैसा मात्र स्वतःच्या हाताने काळा होतो. पुढे तीच रक्कम बँकेत भरताना ती कोठून आली, याचा पुरावा उरत नाही आणि तिच्यावर जबर कर बसू शकतो. शिवाय स्थावराच्या व्यवहारात 20 हजार वा अधिक रक्कम रोखीने स्वीकारल्यास तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. दोन्ही पक्षांचे उत्पन्न शेतीचे असून कोणाचेही करपात्र नसेल, तरच यातून सूट आहे.

जमीन अकृषिक करून भूखंड पाडले, की चित्र पालटते. तेथे करसवलत संपते. भूखंडविक्री हाच उद्योग झाला, तर तो नफा व्यवसायाचे उत्पन्न ठरतो. गुंतवणूक म्हणून घेतलेला भूखंड 24 महिन्यांहून अधिक काळ ठेवून विकल्यास नफ्यावर 12.5 टक्के कर आहे. समजा, जालन्यातील भूखंड 5 लाखांना घेतला आणि 25 लाखांना विकला. 20 लाखांच्या नफ्यावर अडीच लाख रुपये कर, उपकर वेगळा. 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या मालमत्तेसाठी महागाईचा हिशेब धरून 20 टक्क्यांनी कर मोजण्याची मुभा आहे. कमी भरेल ते द्यावे. विक्रीची रक्कम नियमानुसार 2 वर्षांत राहत्या घरात गुंतवली, किंवा 3 वर्षांत घर बांधले, तर करातून सूटही मिळते. घरभाड्यातूनही घरपट्टी वजा जाता 30 टक्के सरसकट वजावट आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात घर-जमिनीची विक्री शेजाऱ्यांसमक्ष किंमत पुकारून करण्याचा दंडक आहे, आणि चढाओढीत वाढलेली किंमत शुल्कासह राजकोशात जमा होई. व्यवहार उघड्यावर व्हावा, हे त्यातील मर्म आजही तितकेच खरे आहे.

म्हणून इसार स्वीकारण्यापूर्वीच जाणत्या कर सल्लागाराला सातबारा दाखवावा, पूर्ण किंमत खरेदीखतात लिहावी आणि रक्कम बँकेतूनच घ्यावी. वाडवडिलांनी घामाने राखलेल्या जमिनीचे मोल पुढच्या पिढीच्या हाती ताठ मानेने सोपवता आले पाहिजे.