जुन्या पिकअपचे दिवे

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



विट्याहून कडेगावकडं रात्री गाडी चालवणाऱ्याला गळीत हंगाम सुरू झाल्याचं कॅलेंडरात बघावं लागत नाही. रस्त्यावर उसाचं वाडं दिसायला लागतं आणि अंधारात पुढं काहीतरी काळं, रुंद हलतंय असं वाटतं. ती दोन ट्रॉल्या जोडलेली उसाची गाडी असते. मागं लाल दिवा असलाच, तर तो लोंबणाऱ्या वाड्याखाली झाकलेला. हंगामाच्या तोंडाला आरटीओ आणि पोलीस रिफ्लेक्टर लावायची मोहीम घेतात, पण त्या पट्टीवर धूळ बसायला आठवडा पुरतो.

माझ्याकडं महिंद्राची जुनी पिकअप आहे. जीपच्या तोंडाची, दोन गोल सात इंची दिव्यांची. तासगाव भागातून भाजी आणि हंगामात द्राक्षं भरायची, विटा, कडेगाव, कराड करत महामार्गाला लागायचं आणि पहाटे पुण्याला गुलटेकडीत पोचायचं, हा तिचा नेम. एका रात्री अशीच एक ट्रॉली मला दिसली, तेव्हा ती पंधरा-वीस पावलांवर होती. वेग चाळिसाच्या आत होता म्हणून गाडी साइडपट्टीवर घालता आली. टोमॅटोचे चार क्रेट रस्त्यावर सांडले. भाचा शेजारी होता. बराच वेळ तो गप्प बसला आणि मग म्हणाला, "मामा, आपल्या दिव्यापेक्षा माझ्या मोबाइलचा उजेड जास्त आहे."

ताशी साठच्या वेगानं गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एवढं अंतर संपतं, ब्रेक लागणं पुढंच राहिलं. माझा दिवा तेवढंही दाखवत नव्हता.

मग मी तेच केलं जे सगळे करतात. जास्त वॅटचा बल्ब आणला. या दिव्यांचा नेहमीचा बल्ब अप्परला ६० आणि डिपरला ५५ वॅटचा असतो, मी शंभर-नव्वदचा घातला. चार दिवस झकास उजेड पडला. पाचव्या दिवशी उंब्रजच्या पुढं जळका वास आला, होल्डर वितळला आणि दोन्ही दिवे एकदम गेले. पहाटेपर्यंत एका चहाच्या टपरीपाशी उभा राहिलो. माल उशिरा पोचला की काय भाव मिळतो, ते शेतकरी श्रोत्यांना सांगायला नको.

आमच्याकडं वायरिंगचं काम करणारे एक म्हातारे मिस्त्री आहेत. त्यांनी वितळलेला होल्डर हातात घेतला आणि मला विचारलं, "मालक, बल्बाला काय धाड भरली होती? त्याच्यापतूर करंट पोचतोय का, ते बघितलं का आधी?"

त्यांनी इंजिन चालू ठेवून, दिवे लावून मीटर लावला. बॅटरीवर १३.६ व्होल्ट. बल्बाच्या पिनांवर ११.२. मधले अडीच व्होल्ट कुठं गेले? जुन्या बारीक वायरीत, सैल जोडांत, डॅशबोर्डावरच्या झिजलेल्या बटणात आणि दिव्यामागं गंजलेल्या अर्थिंगच्या बोल्टात. यातली मेख अशी, की व्होल्ट जेवढे घटतात त्याच्या कितीतरी पट उजेड घटतो. व्होल्ट दहा टक्के कमी झाले, तर उजेड सुमारे तीस टक्के जातो. माझ्या गाडीचा निम्मा उजेड वायरीतच मुरत होता. डीपीपासून लांबच्या विहिरीवर मोटार नुसती गुणगुणते आणि शेवटी जळते, हे आपण रोज बघतो. तिथं आपण मोठी मोटार आणत नाही, केबल बदलतो. गाडीच्या बाबतीत मात्र ही अक्कल कुठं जाते कोण जाणे.

उपाय साधा होता. दोन रिले, एक अप्परला आणि एक डिपरला. रिले म्हणजे विहिरीवरच्या स्टार्टरचा धाकटा भाऊ. बटणातून थोडासा करंट जातो, तो आतला संपर्क ओढतो आणि दिव्याचा खरा करंट बॅटरीकडून जाड वायरीनं थेट बल्बाला मिळतो. दोन्ही बल्ब लागले, की नऊ-दहा अँपिअर वाहतात. एवढा भार त्या जुन्या बटणातून नेणं म्हणजे शेवयांच्या चाळणीतून गहू गाळण्यासारखं. प्रत्येक रिलेला बॅटरीजवळच स्वतंत्र फ्यूज घातला. तो विसरला, तर जाड वायर घासून उघडी पडली की गाडीच पेटते. गंजलेला बोल्ट काढून पत्रा लखलखीत घासला आणि अर्थिंगचीही वायर नवी घातली.

दिवाही बदलला. जुना प्रकार म्हणजे सीलबीम. काच, आरसा आणि तार एकाच बंद भांड्यात, तार तुटली की सगळा दिवा टाकायचा. अमेरिकेत हा प्रकार १९४० पासून सक्तीचा झाला आणि जीपबरोबर जगभर पसरला. पुढं १९७१ मध्ये युरोपात एच-४ नावाचा दोन तारांचा हॅलोजन बल्ब आला. त्याचा दिवा त्याच सात इंची मापात मिळतो, हे जुन्या पिकअपवाल्यांचं नशीब. घेताना एकच बघायचं. आपण डावीकडून चालतो, म्हणून डिपरचा झोत डाव्या अंगाला थोडा वर चढलेला हवा. उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठीची काच आली, तर तो चढ नेमका समोरच्याच्या डोळ्यात जातो. बल्ब पुन्हा साठ-पंचावन्नचाच घातला. मीटरवर १३.२ आले आणि रस्ता दिसायला लागला.

इथं हे भाषण संपलं असतं. पण आठवडाभरानं, भरलेली गाडी घेऊन जाताना समोरून एक मोटारसायकल आली. मी डिपरवर होतो. तरी त्या माणसानं हात डोळ्यांवर नेला, गाडी डगमगली आणि तो खडीवर घसरला. मागं बायको होती. दोघांना खरचटलं, तेवढ्यावर भागलं. मी उतरून उचलायला गेलो, तर तो एवढंच म्हणाला, "दादा, डिपर तरी मारायचा." मी मारला होता, हे त्याला कसं सांगणार?

गाडी भरली की मागचे पाटे दबतात आणि तोंड वर होतं. मागची बाजू तीन इंच दबली, तर २५ फुटांवर झोताची कड सुमारे आठ इंचांनी वर जाते. पूर्वी दिवा इतका मंद होता, की हे कुणाला जाणवत नव्हतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये १०६ वा नियम आहे. दिव्यापासून ८ मीटरवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे, त्याला तुमचा झोत दिपवता कामा नये. दीड मीटर म्हणजे मोटारसायकलवर बसलेल्या माणसाच्याच डोळ्याची उंची म्हणा ना.

तेव्हा मी गाडी पूर्ण भरून, सपाट जागेवर, शेडच्या भिंतीपासून २५ फुटांवर उभी केली. टायरची हवा आधी बघितली. दिव्याच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर खडूनं एक रेघ मारली आणि तिच्याखाली तीन इंचांवर दुसरी. डिपर लावून एक दिवा पोत्यानं झाकायचा, दुसऱ्याचा स्क्रू फिरवून झोताची वरची कड खालच्या रेघेवर आणायची, मग उलट. अर्ध्या तासाचं काम. यात तोटा आहे तो सांगतो. गाडी रिकामी झाली, की झोत खाली जातो आणि उजेड सत्तर-बहात्तर फुटांपर्यंतच पडतो. परतीला मी हळू येतो. घाई करून कुठं जाणार?

आता पांढऱ्या एलईडी बल्बांविषयी. दुकानात ते हटकून पुढं केले जातात. एच-४ मध्ये डिपरच्या तारेखाली एक छोटी वाटी असते, ती वर जाणारा उजेड अडवते. आरसा त्या तारेच्या जागेसाठीच घडवलेला असतो. त्यात एलईडीचा बल्ब खुपसला, की उजेडाची जागा हलते आणि झोत चहूकडं फाकतो. आपल्याला पुढं लख्ख दिसतं, समोरच्याला काहीच नाही. पसरणी घाटात धुकं असलं, तर आपल्यालाही नुसती पांढरी भिंत दिसते.

खडूच्या रेघा पावसाळ्यात धुऊन जातात, त्या दिवाळीच्या सुमारास मी पुन्हा मारतो. आसपासच्या चार-पाच गाड्याही हल्ली त्या भिंतीसमोर येऊन उभ्या राहतात. फक्त प्रत्येकाला आधी फोन करून सांगावं लागतं, गाडी भरून आण.