ठासणीची बंदूक पारखताना
(रेडिओवरील भाषण)



१९५९ च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात शेतकऱ्यासाठी एक खास तरतूद आहे. परवाना कशासाठी द्यावा हे सांगताना तिथे पिकाच्या राखणीसाठी लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख केलेला आहे. जगातल्या सैन्यांनी दीडशे वर्षांपूर्वी बाजूला ठेवलेलं हे हत्यार आपल्याकडे अजून शेतकऱ्याच्या घरात परवान्यावर नांदतं, ते या तरतुदीमुळे. कोकणात तर शेतीसंरक्षणाचा परवाना म्हटलं की ठासणीचीच बंदूक डोळ्यांपुढे येते.

तेलंगणातला मुधोळचा मुलूख १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यात होता, मग आदिलाबादेत गेला आणि २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात आहे. जिल्हे बदलले तरी घरातली मराठी राहिली, काळं रान राहिलं आणि मक्या-ज्वारीत घुसणारी रानडुकरंही राहिली. अशा गावातला एखादा तरुण रीतसर परवाना काढतो आणि खिशाला परवडेल अशी जुनी बंदूक पाहायला जातो. त्यानं नेमकं काय पाहावं?

सगळ्यात आधी बंदूक भरलेली नाही ना, हे पाहावं. ठासणीच्या बंदुकीत बार वर्षानुवर्षं तसाच पडून राहू शकतो, आणि बाहेरून काही कळत नाही. घोड्याखाली ठोक्यानं पेटणारी टोपी नाही याची खात्री करावी. नळीचं तोंड माणसांपासून दूर आणि स्वतःच्या अंगापासूनही बाजूला ठेवून गज अलगद आत सोडावा, तोंडाशी गजावर खूण करावी आणि तो बाहेर काढून नळीला बाहेरून लावून पाहावा. खूण नळीच्या तोंडाशी धरल्यावर गजाचं टोक टोपी बसते त्या निपलच्या जवळपास पोचायला हवं. चार बोटं अलीकडेच थांबलं, तर आत बार किंवा अडथळा आहे असंच समजावं. तो परवानाधारक कारागिरानंच काढावा.

मग नळी. विकणारा बहुतेक वेळा दस्त्याची चकाकी आणि पितळी नक्षी दाखवतो. पाहायचं असतं ते नळीचं बूड, कारण दारू तिथे पेटते आणि सगळा दाब आधी तिथेच बसतो. बुडाचं आट्यांचं बूच घट्ट हवं. त्याच्या सांध्यावर काजळीची रेघ दिसली, तर तिथून वायू निसटतो आहे. बुडाशी नळी चांगली जाड हवी आणि गंजाचे खोल खड्डे नकोत. गजाला घट्ट चिंधी गुंडाळून ती नळीतून सावकाश ओढावी. मध्येच एका जागी हात सैल पडला आणि पुढे पुन्हा आवळला, तर नळी तिथे फुगलेली आहे. दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहून बार उडाला की असं होतं. फुगलेली नळी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

नळीवर चाचणीचा शिक्काही शोधावा. लंडनमध्ये सतराव्या शतकापासून आणि बर्मिंगहॅममध्ये १८१३ पासून नळीची चाचणी घेणारी घरं आहेत. नेहमीपेक्षा भारी बार उडवून नळी टिकली, तरच तिच्यावर शिक्का उमटतो. इटलीतल्या गार्दोनेत किंवा स्पेनमध्ये बनणाऱ्या स्वस्त प्रतिकृतींवरही असा अधिकृत शिक्का असतो. उलट भारतात बनलेल्या जुन्या घाटाच्या कितीतरी बंदुका परदेशात दारूपर्यंत ठिणगी पोचवणारं भोक न पाडताच, शोभेची वस्तू म्हणून विकल्या जातात. गिऱ्हाइकानं भोक पाडून त्या वापरात आणल्या, तर त्यांच्या नळीची हमी कोण देणार? दिसायला दोन्ही सारख्याच असतात, म्हणून शिक्का शोधायचा. ओळखीची खूण किंवा क्रमांक नसलेली बंदूक विकणं हा कायद्यानं गुन्हाच आहे.

नळीनंतर कळ. १८०७ साली अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश पाद्र्यानं ठोक्यानं पेटणाऱ्या दारूचं पेटंट घेतलं. टोपीची बंदूक त्यातूनच पुढे आली. तिची कळ तपासणं सोपं आहे. रिकाम्या बंदुकीचा घोडा अर्ध्यावर ओढून चाप दाबावा. घोडा पडला, तर ती बंदूक खांद्याला लावून बांधावरून चालणं जिवावरचं आहे. घोडा पूर्ण ओढून त्याला मागून अंगठ्यानं रेटावं, तेव्हाही तो घसरता कामा नये. घोडा निपलवर मधोमध बसायला हवा. उघड्या निपलवर घोडा आपटून दाखवू लागलेल्या माणसाला थांबवावं, त्यानं निपलचं तोंड चेपतं.

दस्त्यात मनगटाइतक्या बारीक भागातून लाकडाची रेषा सरळ गेलेली असावी. आडव्या रेषेचं लाकूड तिथेच मोडतं. लोखंड आणि लाकूड यांच्यामधल्या फटी लांबी भरून लपवलेल्या नाहीत ना, तेही पाहावं.

पुष्कळ जण हिला सरसकट रायफल म्हणतात. रायफलच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. १८५३ च्या एन्फिल्ड रायफलमध्ये अशा तीन होत्या. पिकाच्या राखणीची बंदूक गुळगुळीत नळीची असते, त्यामुळे तिच्याकडून लांबच्या नेमाची अपेक्षा ठेवू नये.

नवशिक्यानं दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून पाळाव्यात. या बंदुकीत फक्त काळी दारू चालते. काडतुसातली बिनधुराची दारू तिच्यात घातली, तर दाब इतका वाढतो की नळी फुटून हात जाऊ शकतो. दुसरी गोष्ट, बार काढला त्याच दिवशी नळी पाण्यानं धुऊन, पूर्ण कोरडी करून तेल लावावं. काळ्या दारूची राख हवेतला ओलावा ओढून घेते आणि पावसाळ्यात गंज फार लवकर धरतो.

परवाना बंदुकीचा मिळतो, शिकारीचा नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे रानडुकराला मारण्यासाठी वनखात्याची रीतसर परवानगी लागते. म्हणून पुष्कळ शेतकरी नुसत्या दारूचा बार काढून कळप पिटाळतात.

निपल बदलता येतो, कमान नवी बसवता येते, दस्ताही नव्यानं घडवता येतो. या भागांतले दोष दाखवून किंमत खुशाल कमी करून मागावी. बूड सैल असेल, नळी फुगलेली असेल किंवा खूणच नसेल, तर सौदा तिथेच सोडावा. आणि पसंत पडलेली बंदूकही पैसे देण्याआधी परवानाधारक कारागिराकडून बूच उघडून तपासून घ्यावी.