साक्षीदाराला प्रश्न कसा विचारावा?



सत्य आणि असत्य यांत चार बोटांचे अंतर असते, असे आपले वाडवडील सांगत आले. चार बोटे म्हणजे कान आणि डोळा यांमधले अंतर. ऐकलेले खोटे ठरेल, पण पाहिलेले खरे, हा त्यातला मथितार्थ. आज आम्हांला या म्हणीस एक पुरवणी जोडावयाची आहे. डोळ्यांनी पाहिलेले जिभेवर येण्यापूर्वी वाटेत स्मृतीचे ठाणे लागते, आणि तेथे विचारणाऱ्याचा शब्दही आत शिरू शकतो.

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात बर्लिंग्टन गावी १९८४ साली एका तरुणीवर अत्याचार झाला. अपराध्याचा चेहरा तिने मुद्दाम निरखून ठेवला होता. पोलिसांनी दाखविलेल्या छायाचित्रांतून काही मिनिटे विचार करून तिने रोनाल्ड कॉटन याचे चित्र निवडले. पुढे ओळखपरेडीतही त्याच्याकडेच बोट दाखविले. तेव्हा, छायाचित्रातून निवडलात तो हाच, असे तिला सांगण्यात आले. न्यायालयात उभी राहिली तेव्हा तिच्या मनात शंकेला जागा उरली नव्हती. कॉटनला जन्मठेप झाली. १९८७ च्या फेरसुनावणीत खरा अपराधी समोर उभा केला असता, याला आपण कधी पाहिले नाही, असे ती म्हणाली. डीएनए चाचणीने १९९५ साली कॉटन निर्दोष ठरला, तोवर त्याची साडेदहा वर्षे तुरुंगात गेली होती. ती स्त्री खोटे बोलत नव्हती, हेच या प्रकरणातले दुःख आहे. खोट्या साक्षीदारावर कायद्याजवळ उपाय आहे; प्रामाणिक परंतु चुकलेल्या साक्षीदाराचे काय करावे?

स्मृतीत शब्द कसा शिरतो, हे एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली प्रयोगाने दाखविले. १५० विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताचे चलच्चित्र दाखविले. ५० जणांना विचारले, मोटारी ‘एकमेकींवर आदळून चुरडल्या’ तेव्हा वेग किती होता? दुसऱ्या ५० जणांना विचारताना ‘धडकल्या’ एवढाच शब्द वापरला. उरलेल्यांना वेगाविषयी काहीच विचारले नाही. आठवड्याने सर्वांस विचारले, फुटलेली काच पाहिलीत काय? चित्रात काच फुटलेली नव्हतीच. तरी पहिल्या गटातील १६ जणांनी ‘होय’ म्हटले, दुसऱ्यातील ७ जणांनी, तिसऱ्यातील ६ जणांनी. एका क्रियापदाने काच फोडली!

मग विचारावे तरी कसे? रोनाल्ड फिशर आणि एडवर्ड गायझेलमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ पासून यासाठी एक पद्धती घडविली. तिला ते ‘कॉग्निटिव्ह इंटरव्ह्यू’ म्हणतात. आम्ही ‘स्मृतिनिष्ठ विचारपूस’ म्हणू. तिची मूळ अंगे चार. साक्षीदाराने प्रथम मनाने त्या स्थळी परत जावे: उजेड किती होता, आवाज कोणते होते, आपली मनःस्थिती कशी होती. आपण घरात हरवलेली किल्ली शोधताना पावलापावलाने मागे जातो, तसेच हे. दुसरे, क्षुल्लक वाटेल तेही सांगावे. मात्र तर्काने भर घालू नये. तिसरे, हकीकत शेवटाकडून आरंभाकडे सांगून पाहावी. चौथे, तेथे असलेल्या दुसऱ्याच्या जागेवरून ती आठवून पाहावी. यात कल्पना मिसळण्याचा धोका असल्याने हे अंग जपून वापरावे लागते.

पण या चारांहून मोठी गोष्ट म्हणजे विचारणाऱ्याचे मौन. साक्षीदार सांगत असता त्याला तोडू नये, उत्तर सुचविणारा प्रश्न करू नये, माहीत नसल्यास तसे सांगण्याची मुभा द्यावी. मायामी येथील गुप्त पोलिसांवर झालेल्या आणि १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, हे शिक्षण घेतल्यावर त्यांना पूर्वीपेक्षा ४७ टक्के अधिक माहिती मिळाली. तथापि ही जादूची कांडी नव्हे. खऱ्या तपशिलांबरोबर थोडे चुकीचेही वाढतात. वेळ फार लागतो. आणि ओळखपरेडीतला चेहरा बिनचूक ओळखण्यास ही पद्धती फारशी उपयोगी पडत नाही. तेथे सावधगिरी निराळी हवी: परेड घेणाऱ्यालाच संशयित कोण ते ठाऊक नसावे, आणि निवडीनंतर शाबासकी देऊ नये.

आपल्याकडे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने सरतपासणीतील सूचक प्रश्नांना, विरुद्ध पक्षाची हरकत असल्यास, न्यायालयाच्या परवानगीवाचून मज्जाव केला होता. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही हा नियम आहे. नियम उत्तम, पण तो जागा होतो न्यायालयाच्या दारात. साक्षीदाराची पहिली विचारपूस त्याच्या कितीतरी आधी झालेली असते, आणि पुष्कळदा ती पोलिसही करीत नाहीत. ती करतात भोवती जमलेले लोक, शेजारीपाजारी, घरची माणसे. “त्याच्या अंगात लाल सदरा होता ना हो?” असे कोणी सहज म्हणतो, आणि सदरा लाल होऊन बसतो. एकदा रंगलेला सदरा पुढे कोणताही वकील धुऊन काढू शकत नाही.

म्हणून हा विषय केवळ फौजदाराचा नव्हे, आपणा सर्वांचा आहे. आपल्या दारी कोणी घाबरलेला माणूस आला, तर त्याला पाणी द्यावे, बसवावे, आणि एवढेच म्हणावे, “काय झाले ते तुमच्या शब्दांत सांगा.” मग आपण गप्प बसावे. त्या मौनावर उद्या कोणा निरपराध्याची दहा वर्षे अवलंबून असतील.