कुठं अडलं, ते विचारा

मागच्या वेळी आपण शेळ्यांच्या विम्यावर बोललो. आजचा विषय जरा लांबचा वाटेल. कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकायला बसलेल्या मुलींना ‘तुम्हाला हा विषय कसा जातोय’ हे नीट कसं विचारायचं, त्याबद्दल आज बोलू या. ‘आम्हाला काय त्याचं’ म्हणून रेडिओ बंद करू नका. आपल्या गटांतून शिक्षणासाठी जी कर्जं गेली, त्यातली बरीच बीसीए आणि बीसीएसच्या फीसाठी गेलीत. पहिल्याच सत्रात मुलीचा विषय राहिला आणि तिनं कॉलेज सोडलं, तर हप्ता आपल्याच वहीत थकतो. मुलीचं मन खचतं ते वेगळंच.

प्रोग्रॅमिंग म्हणजे संगणकाला काम पायरीपायरीनं लिहून देणं. आपल्या बैठकीत सचिव काय करते? एकीचं नाव घेते, बचत घेते, नोंद करते, बेरजेत मिळवते. मग दुसरीचं. वीस जणी असल्या की वीस वेळा तेच. संगणकाला मात्र ‘यादी संपेपर्यंत हेच करत राहा’ असं एकदाच लिहून द्यायचं. त्याला लूप म्हणतात. ऐकायला सोपं आहे, पण एक कंस राहिला तरी सगळं अडतं आणि पडद्यावर इंग्रजीत चूक दाखवली जाते. शिवाय हा विषय उतरंडीसारखा. खालचं मडकं डगमगलं की वरचं टिकत नाही. म्हणून कुठं अडलं हे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच कळायला हवं.

कॉलेजात विचारत नाहीत असं नाही. फीडबॅकचा फॉर्म असतो, एक ते पाच गुण द्यायचे असतात. दिवाळीच्या सुटीत मुली घरी आल्या तेव्हा आम्ही सहयोगिनींनी त्यांना विचारलं, फॉर्म कसा भरलास गं? एक म्हणाली, “ताई, सगळीकडे उत्तम लिहिलं. मॅडम समोरच उभ्या होत्या.” दुसरी म्हणाली, “वर रोल नंबर टाकायचा होता, मग खरं कोण लिहिणार?” तिसरी म्हणाली, “सत्र संपल्यावर भरून घेतला. आता सांगून आमचा काय फायदा?” या तिसरीचं आम्हाला सगळ्यात पटलं. पंगत उठल्यावर भाजीत मीठ जास्त झालं म्हणून सांगायचं, त्यातली गत.

त्यांना सांगायचं मात्र खूप होतं. प्रॅक्टिकलला एका संगणकावर तिघं, आणि कीबोर्ड ज्याला आधीच येतं त्याच्या हातात. सर विचारतात “समजलं का?” आणि पुढच्या बाकावरून “हो” येतं. एक मुलगी म्हणाली, “ज्यांच्या घरी कॉम्प्युटर आहे त्यांना सगळं येतच होतं. मला वाटलं, मलाच डोकं नाही.” हे कुठल्या फॉर्मच्या चौकटीत बसणार?

असंच वाटणाऱ्या मुली अमेरिकेतही होत्या. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९५ साली संगणकशास्त्राला प्रवेश घेणाऱ्यांत मुली होत्या फक्त ७ टक्के. तिथं जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर या दोघांनी गुणांच्या फॉर्मवर भागवलं नाही. चार वर्षं ते शंभरावर विद्यार्थ्यांशी, मुली आणि मुलगे दोघांशीही, बसून बोलले. त्यातून कळलं की बऱ्याच मुलग्यांचा हात लहानपणापासून संगणकावर बसलेला असतो. त्यांच्याकडे बघून मुली स्वतःला कमी समजतात, आणि बरे गुण असूनही काही जणी सोडून जातात. शिवाय कित्येक मुलींना ‘हे शिकून कोणाच्या काय उपयोगी पडणार’ हेही ऐकायचं होतं. मग विद्यापीठानं आधी शिकून आलेल्यांसाठी आणि नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी पहिल्या वर्षाला वेगवेगळे वर्ग ठेवले. प्रवेश देताना ‘प्रोग्रॅमिंग आधी येतं का’ याला असलेलं महत्त्व काढलं. शाळांतल्या शिक्षकांनाही प्रशिक्षण दिलं. २००० साली मुलींचं प्रमाण ४२ टक्क्यांवर गेलं.

नुसत्या गुणांमध्ये आणखी एक गोम आहे, ती बायांनी तर ऐकायलाच हवी. अमेरिकेतल्याच एका विद्यापीठातला अभ्यास २०१५ साली छापून आला. शिकवणं ऑनलाइन होतं, त्यामुळं शिक्षक दिसत नव्हते. एक पुरुष आणि एक बाई, दोघांनी एक गट स्वतःच्या नावानं शिकवला आणि एक गट दुसऱ्याच्या नावानं. तपासलेलं काम सगळ्यांना एकाच वेळी परत दिलं. तरी ‘काम वेळेवर परत मिळतं का’ याला बाईच्या नावापुढं गुण कमी पडले! गट लहान होते, पण आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये एवढं त्यातून दिसतं.

मग विचारायचं कसं? हार्वर्ड विद्यापीठातले संख्याशास्त्राचे प्राध्यापक फ्रेडरिक मोस्टेलर यांनी १९८९ साली आपली पद्धत लिहून ठेवली. तास संपताना शेवटची काही मिनिटं राखायची आणि चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून घ्यायच्या. आजचा मुख्य मुद्दा कोणता, सगळ्यात गढूळ काय राहिलं, आणि आणखी कशाबद्दल ऐकायला आवडेल. ‘गढूळ’ हा शब्द आम्हाला फार आवडला. समजलं नाही म्हणताना मान खाली जाते, गढूळ राहिलं म्हणायला काही वाटत नाही.

हे घेऊन आम्ही ग्रामसंघाच्या दोघी-तिघी तालुक्याच्या कॉलेजात गेलो. विभागाच्या मॅडम आधी म्हणाल्या, “तक्रार घेऊन आलात का?” आम्ही म्हटलं, “नाही मॅडम, मुली आमच्या आहेत, कर्ज आमचं आहे. चिठ्ठीवर नाव नको आणि मराठीत लिहिलं तरी चालेल, एवढंच मागणं आहे.” एका बॅचपुरतं करून बघू म्हणाल्या.

पहिल्याच चिठ्ठ्यांमध्ये निम्म्याहून जास्त जणांचं एकच गढूळ निघालं. ते म्हणजे बरोबरचं चिन्ह. सी भाषेत एक बरोबर म्हणजे डब्यात एवढं ठेव, आणि दोन बरोबर म्हणजे डब्यात तेवढंच आहे का ते बघ. शाळेतल्या गणितात तर एकच बरोबर असतं, मग पोरं गोंधळणार नाहीत तर काय? मॅडमनी पुढच्या तासाला दोन रिकामे डबे आणि खडू घेऊन तेवढंच पुन्हा शिकवलं. “आठ वर्षं शिकवतेय, हे कोणी विचारलंच नव्हतं,” असं त्या म्हणाल्या. कीबोर्डबद्दलही चिठ्ठ्या होत्या. आता प्रॅक्टिकलला दर पंधरा मिनिटांनी हात बदलतात. संगणक वाढवून मिळतील का, ते अजून प्राचार्यांकडे अडकलंय.

घरी तुम्हीही करू शकता. रविवारी फोन आला की “अभ्यास झाला का” असं विचारलं तर “हो” एवढंच येतं. “या आठवड्यात काय गढूळ राहिलं” असं विचारा. उत्तर आपल्याला कळलं नाही तरी चालेल. सांगता सांगता कधी कधी तिचं तिलाच उमगतं, आणि नाहीच उमगलं तर मॅडमना काय विचारायचं ते तरी ठरतं.

ज्यांच्या मुली यंदा पहिल्या वर्षाला आहेत, त्यांनी पुढच्या महिन्याच्या बैठकीत नाव आणि कॉलेज सचिवाकडे लिहून द्या. दुसरं सत्र सुरू व्हायच्या आत आणखी दोन कॉलेजांत जायचं आहे. सोबत कोण येणार, तेही त्याच बैठकीत ठरवू.