उंबरठ्यापुढची पायरी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



१९५५ साली भारत-सोव्हिएत करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या काळात येथे आलेली मराठी माणसे ऐन तारुण्यात होती; दुकानाच्या तीन पायऱ्या त्यांच्या पायांना जाणवतही नव्हत्या. आज त्या पिढीतील वडीलधारी माणसे त्याच पायऱ्यांपाशी थबकतात आणि पिशवी नातवाच्या हाती देतात.

'कचेरीचे उंबरठे झिजवणे' हा वाक्प्रचार सरकारी नोकरीत मी पुष्कळदा ऐकला. चाकाच्या खुर्चीतील माणसाच्या नशिबी तेही नसते. उंबरठ्यापर्यंत पोहोचणेच त्याला दुर्घट.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना सोळाव्या वर्षी अपंगत्व आले. त्यांनी स्वतः नोकरी केली आणि १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभारून इतरांनाही स्वावलंबनाची वाट दाखविली. परंतु स्वावलंबी झालेल्या माणसाला बाजारात पाऊल ठेवता आले नाही, तर त्या स्वावलंबनाला पूर्णता कशी यावी?

२०१६ च्या दिव्यांगजन अधिकार अधिनियमाने सार्वजनिक इमारती सर्वांना सुगम असाव्यात, असे सांगितले. राजीव रतुरी यांनी २००५ साली दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निर्णय दिला, की सुगमतेचे किमान निकष केवळ शिफारशी राहता कामा नयेत, ते बंधनकारक हवेत. कायद्याचे काम कायदा करील. आपले काम आपण करावे.

ते काम फार अवघडही नाही. उताराचे प्रमाण एकास बारा असावे, म्हणजे सहा इंच उंचीच्या पायरीला सहा फूट उतार. स्कूटर चढविण्यासाठी केलेल्या खड्या उतारावर खुर्ची उलटण्याची भीती असते. समोर जागा नसेल तर उतार भिंतीलगत आडवा घ्यावा, कडेला कठडा लावावा आणि त्यावर वाहने उभी करू नयेत. दुकानदाराला हे त्याच्या नेहमीच्या गिऱ्हाइकाने गोडीने सांगितले, तर तो सहसा नाही म्हणणार नाही.

मात्र आधी आपले अंगण. येत्या गणेशोत्सवात मंडपाला असा उतार असावा आणि पहिल्या आरतीला आपले ज्येष्ठ कोणाच्याही खांद्याचा आधार न घेता आत यावेत. सुवर्णमहोत्सवी वर्षाचा हाच संकल्प आपण करावा, अशी नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो.